एक स्ट्राइक उरला असताना

सॉफ्टबॉलची मॅच लागली की माझी नजर आधी कॅचरकडे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या मुलीकडे जाते. कॉलेजच्या टीममध्ये मी कॅचर होते, त्यामुळे ही सवय आता जायची नाही. चेंडू टाकणारी पिचर हात गरकन फिरवते, बॅटर बॅट फिरवते, सगळ्यांचं लक्ष त्या दोघींवर. मास्कमागची मुलगी मात्र उकिडवी बसून प्रत्येक चेंडूचा हिशेब ठेवत असते. म्हणून ओक्लाहोमा विद्यापीठाच्या २०२३ च्या हंगामाबद्दल लिहायचं तर मी तिच्याच जागेवरून लिहिणार.

त्या वर्षी ओक्लाहोमाने ६१ सामने जिंकले आणि १ हरला. अमेरिकेतला कॉलेज सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि जूनच्या सुरुवातीला संपतो. तो एकमेव पराभव १९ फेब्रुवारीला बेलर विद्यापीठाकडून झाला, ४-३ असा. त्यानंतर सलग ५३ विजय आणि सलग तिसरं राष्ट्रीय विजेतेपद.

हे आकडे ऐकले की लोक म्हणतात, मग काय, सगळं एकतर्फीच झालं असणार. हे मला अजिबात पटत नाही. त्या हंगामातली सगळ्यात मोठी मॅच ज्यांनी पाहिली आहे, त्यांनाही पटणार नाही.

मे महिन्याचा शेवट, ओक्लाहोमाचं नॉर्मन गावातलं घरचं मैदान, समोर क्लेमसन विद्यापीठ. राष्ट्रीय स्पर्धेला ६४ टीम असतात, त्यांतल्या १६ उरल्या की दोन-दोन टीमची तीनपैकी दोन सामन्यांची लढत होते. त्यातून पुढे जाणाऱ्या आठ टीम ओक्लाहोमा सिटीला अंतिम स्पर्धा खेळतात. पहिला सामना जिंकून ओक्लाहोमाने सलग ४७ विजयांच्या ॲरिझोनाच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी केली होती. दुसऱ्या सामन्यात सातवी इनिंग आली तेव्हा क्लेमसन ७-४ ने पुढे होती. सॉफ्टबॉलमध्ये सातच इनिंग. दोन आउट झालेल्या, बेसवर (धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर) दोन रनर, बॅटिंगला किन्झी हॅन्सन, आणि तिच्यावर दोन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू; तिसऱ्याला बॅटर आउट. आणखी एक स्ट्राइक पडला असता तर विक्रमही गेला असता आणि सामनाही.

हॅन्सन ही टीमची कॅचर. तिने चेंडू कुंपणापार मारला, होमरन. तीन धावा, ७-७.

त्या फटक्याबद्दल लोक नशीब-नशीब म्हणतात तेव्हा मला राग येतो. पिचरपासून होम प्लेटपर्यंत (बॅटरपुढच्या पाटीपर्यंत) अंतर फक्त ४३ फूट. ताशी सत्तर मैलांच्या आसपासचा चेंडू तिथे पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. एवढ्या वेळात चेंडू वर चढणार की खाली पडणार हे ओळखायचं, आणि बॅट फिरवायची की थांबवायची हे ठरवायचं. कॅचर हेच चेंडू दुसऱ्या बाजूने रोज शेकड्यांनी बघते. राइजबॉल (वर चढणारा चेंडू) हातातून सुटताना कसा दिसतो, ड्रॉपबॉल कुठे खाली वळतो, चेंजअपला पिचरचा हात तसाच फिरूनही चेंडू कसा मागे रेंगाळतो, हे तिच्या डोळ्यांत मुरलेलं असतं. मला तो फटका या मुरलेल्या नजरेचा वाटतो. बरोबरीमुळे मॅच लांबली, नवव्या इनिंगला ओक्लाहोमाच्याच टियारे जेनिंग्जने होमरन मारला आणि मॅच ८-७ झाली. सलग ४८ वा विजय, नवा विक्रम.

त्या टीमकडे तीन भरवशाच्या पिचर होत्या: जॉर्डी बाल, निकोल मे आणि मिशिगनहून आलेली ॲलेक्स स्टोराको. तिघींच्या चेंडूंचा वेग वेगळा, वळण वेगळं. बघणाऱ्याला वाटतं, पिचर बदलली की कामाला लागणार ती पिचर. खरं तर कॅचरलाही नव्याने बसावं लागतं. एकीचा ड्रॉपबॉल प्लेटच्या पुढे मातीत आपटतो. तो ग्लोव्हने उचलायला जायचं नसतं. दोन्ही गुडघे जमिनीवर टाकायचे, ग्लोव्ह मांड्यांच्या मधल्या फटीवर, हनुवटी छातीला लावायची, खांदे पुढे झुकवायचे आणि चेंडू अंगावर घ्यायचा, म्हणजे तो समोरच पडतो. चेंडू मागे गेला तर बेसवरची रनर पुढे सरकते. त्यातून तिसरा स्ट्राइक हातातून निसटला आणि पहिला बेस रिकामा असला, तर आउट झालेली बॅटरसुद्धा पळू शकते. मॅच संपल्यावर मांड्यांवर काळेनिळे डाग, आणि स्कोअरबुकात त्याची नोंद नाही. (चांगल्या पिचर हे जाणतात. इनिंग संपल्यावर डगआउटकडे (टीमच्या बाकांकडे) जाताना कॅचरच्या खांद्यावर हात ठेवणारी पिचर भेटली की तिच्यासाठी काहीही अंगावर घ्यावंसं वाटतं.)

ओक्लाहोमा सिटीतल्या अंतिम स्पर्धेत जॉर्डी बालने २४.२ इनिंग टाकल्या, म्हणजे २४ पूर्ण आणि वर दोन आउट, आणि एकही धाव दिली नाही. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली, आणि ते योग्यच होतं. स्टॅनफर्डने दोनदा घाम काढला. पहिल्या वेळी मॅच २-० अशी निसटती, दुसऱ्या वेळी उपांत्य फेरीत नऊ इनिंग, ४-२. स्टॅनफर्डकडे निजारी कॅनडी नावाची पहिल्या वर्षाची पिचर होती, तिचा राइजबॉल बघून मी टीव्हीसमोर उठून उभी राहिले होते.

फायनल फ्लोरिडा स्टेटशी. पहिला सामना ५-० असा झाला, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्यात सेंटर फिल्डवर (मैदानाच्या मधल्या टोकाला) ओक्लाहोमाच्या जेडा कोलमनने कुंपणाला भिडून, हात पलीकडे नेऊन होमरन होणारा चेंडू परत आणला. फ्लोरिडा स्टेटने तरीही पहिली धाव घेतली. मग पाचव्या इनिंगला ओक्लाहोमाच्या सिडनी सँडर्सचा होमरन, लगेच पुढच्या बॅटरचा, ग्रेस लायन्सचा होमरन. ३-१, हंगाम संपला. १९९५ पासून ही टीम सांभाळणाऱ्या प्रशिक्षक पॅटी गॅसो यांचं ते सातवं विजेतेपद.

पुढच्या वर्षी बाल नेब्रास्काला गेली. विजयांची मालिका मार्च २०२४ मध्ये लुइझियानाने ७१ वर थांबवली. तरी जूनमध्ये टेक्ससला हरवून ओक्लाहोमाने सलग चौथं विजेतेपद घेतलं, जे आधी कुठल्याच टीमला जमलं नव्हतं. नवीन आलेली पिचर केली मॅक्सवेल त्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरली. तिच्यासमोर मास्क लावून बसली होती किन्झी हॅन्सनच.