गिरणगाव, जेवणाच्या वेळी

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास सांगायला बसलं की सगळे धुराड्यापासून सुरुवात करतात. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, पुढे परळ-लालबागपर्यंत गिरण्या उभ्या राहिल्या, संप झाला, टॉवर आले. संपलं! मला मात्र हा भाग कळला तो खानावळींवरून.

कोकणातला, घाटावरचा गडी बायकोमुलांना गावी ठेवून यायचा. गाववाल्यांच्या खोलीत वळकटीपुरती जागा मिळायची. एका पाळीचा उठला की दुसऱ्या पाळीचा तिथेच आडवा. तिथे चूल कोण मांडणार? ती मांडली चाळीतल्याच एखाद्या बाईने. स्टो फरफरतोय, परातीत भाकरी थापली जातेय, दारात चपलांचा ढीग. एकाला भातावर सुक्या मासळीचं कालवण हवं, दुसऱ्याला भाकरी नि खर्डा, आणि भोंग्याच्या आत दोघांचंही ताट वाढून झालं पाहिजे. पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराकडून. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. गिरणगावाच्या लढ्यांची यादी करताना हा लढा हमखास गळतो.

१८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार थांबला, तशी खानावळीची वसुलीही थांबली. पण परिसराचा तोंडवळा खरा पालटला तो नंतर, कागदावर. १९९१ च्या शहर विकासाच्या नियमात गिरण्यांच्या जमिनीची मोकळी मैदानं, म्हाडा (सरकारचं गृहनिर्माण मंडळ) आणि मालक अशी साधारण तिहेरी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. संपाच्या नावाने बोटं मोडणं सोपं. नियमावली वाचायचा कंटाळा येतो.

आता फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या नि हॉटेलं. दुपारी एकच्या सुमारास गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं फाटकाबाहेर येतात. आतलं जेवण रोज परवडत नाही आणि राहणं कॉट बेसिसवर, भाड्याच्या एका खाटेपुरतं, म्हणजे डबा करून देणारं कुणी नाही. मग फुटपाथवर पोळीभाजी विकणाऱ्या मावशींभोवती कोंडाळं. मावशी बहुधा मागच्याच चाळीतल्या. पैसे क्यूआर कोडवर, जागच्या जागी, उधारी बंद. भाकरी हवी असेल तर मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.