आई, हॅडॉक आणि चरबी

शनिवार, रात्री

आई लीड्सला आल्यापासून समुद्र समुद्र करत होती. आज इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावरच्या व्हिटबीला नेलं. बंदरासमोरच्या जुन्या फिश अँड चिप्सवाल्याकडे जेवायचं ठरलं होतं. दाराबाहेर नेहमीसारखी रांग. मी तिला टेकडीवरचा पडका मठ दाखवत होते, पण मालवणच्या बाईची नजर धक्क्यावर. म्हणाली, "ह्ये सगळे कुर्ल्यो धरूचे पिंजरे. मासे खंय आसत?"

बरोबर पकडलं. इथल्या होड्या आता मुख्यतः खेकडे आणि लॉब्स्टर आणतात. ताटातला हॅडॉक, म्हणजे इथला पांढऱ्या मांसाचा समुद्री मासा, बहुतेक आइसलँड-नॉर्वेकडच्या थंड पाण्यातला. पूर्वी हल-ग्रिम्सबी बंदरांतले ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढणारी मोठी मासेमारी जहाजं, थेट आइसलँडपर्यंत जायचे. १९७६ मध्ये आइसलँडची २०० सागरी मैलांची मासेमारीची हद्द ब्रिटनला मान्य करावी लागली आणि तो धंदा बसला. आता मोठ्या जहाजांवरच मासा साफ करून काही तासांत गोठवतात.

आत लाकडी टेबलं, माल्ट व्हिनेगरची बाटली, किटलीत चहा, सोबत ब्रेड-बटर. चहा आणि तळलेला मासा एकत्र हे आईला अजिबात पटलं नाही. मला पटायला वर्षं लागली, आता त्याशिवाय चालत नाही.

तळतात कशात, हे विचारणं भाग होतं. यॉर्कशायरमधले जुने लोक गोमांसाच्या चरबीत, म्हणजे ड्रिपिंगमध्ये, तळतात, आणि खरं सांगायचं तर तो कुरकुरीतपणा तेलाला येत नाही. "ड्रिपिंग, लव्ह," वाढणारी बाई म्हणाली, आणि चिप्सही त्यातच असतात हे आपणहून सांगितलं. हा प्रश्न तिला नवा नसावा. आईसाठी पाण्यात शिजवलेला हॅडॉक आणि उकडलेले बटाटे सुचवले तिनेच. मी तळलेलाच मागवला. मी खाते हे आईला माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.

माझा मासा ताटाबाहेर डोकावत होता. वरचं पिठाचं कवच मोडलं की आतून वाफ येते. मासा खरं तर त्या वाफेवरच शिजतो. म्हणून तो तिथेच बसून, गरम असताना खायचा. डब्यात भरून घरी नेला की कवच लिबलिबीत होतं, मग कितीही नावाजलेलं दुकान असो.

मशी पीज, म्हणजे शिजवून घोटलेले वाटाणे, मात्र आईने चाटूनपुसून संपवले. सुके वाटाणे रात्रभर सोडा घालून भिजवतात म्हटल्यावर तिला आमचं काळ्या वाटाण्याचं सांबारं आठवलं. "फोडणी देवक इसारले," एवढंच म्हणाली.

मी दुसऱ्या महायुद्धात इथे फिश अँड चिप्सवर रेशनिंग नव्हतं वगैरे सांगत होते. ती हॅडॉकचा तुकडा बोटांनी दाबून बघत होती. मीठ-मसाला नसलेला मासा लपणार कुठे? निकाल आला: "बर्फातलो आसा. पण बर्फ बरो." मग माशाचं डोकं कुठे गेलं, काटे कुठे टाकतात, त्याचं हे लोक काहीच कसं करत नाहीत, याची चौकशी. उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि त्या बाईला विचारायला मी ठाम नकार दिला.

निघताना धक्क्यावरच्या टपरीत सोललेला, उकडलेला खेकडा विकायला होता. घेऊया का म्हटलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ गाडीची किल्ली काढली.