सुरीला नत्राचा डोस

आमच्या भागात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, तेही कधी पहाटे कधी भर दुपारी, आणि मधले दिवस भांडी घासायला बोअरचं खारट पाणी, ज्याने स्टीलच्या ताटावर असे पांढरे वळ उठतात की चिंच लावून घासल्याशिवाय जात नाहीत. हे आधीच सांगतोय कारण सोलापुरातल्या सुरीचं आयुष्य कळायला ते लागतं. आमच्याकडे वापरलेली सुरी लगेच धुतली जात नाही. सिंकमध्ये पडते. टोमॅटोच्या सालीसकट, डाळिंबाच्या रसासकट, रात्रभर.

मागची सुरी अशीच गेली. लिंबाचं लोणचं घालायचं होतं, दोन किलो लिंबं मीच चिरली (हे हिला विचारलं तर ती अर्धीच म्हणेल), आणि मीठ-लिंबाने माखलेली सुरी तशीच ठेवून मी मॅच बघायला गेलो. सकाळी पात्यावर टाचणीने टोचल्यासारखे तांबूस ठिपके. घासल्यावर तांबूसपणा गेला पण खाली बारीक खड्डे राहिले, नख फिरवलं की अडकायचं, आणि दोन-तीन खड्डे नेमके धारेवर. तिथे टोमॅटोची साल कापली न जाता ओढली जायची, बी बाहेर, पाणी ओट्यावर. स्टेनलेस स्टील बरं का! पावतीवर छापलेलं होतं तसं.

मग दिवाळीला भाचा आला, चाकणला नोकरी करतो, त्याने एक सुरी आणली. दिसायला काही विशेष नाही, पातळ पातं, साधी काळी मूठ, पात्यावर बारीक अक्षरात १४सी२८एन असं कोरलेलं. मला वाटलं मॉडेल नंबर असेल. तो म्हणाला मामा हे पोलादाचं नाव आहे, आणि शेवटचा एन म्हणजे नायट्रोजन. मी हसलो. पेट्रोल पंपावर टायरमध्ये नायट्रोजन भरू का विचारतात ना, तसलंच काहीतरी वाटलं, पैसे वाढवायचं निमित्त. काका मोहोळकडचे शेतकरी, तेही तेव्हा फराळाला बसले होते, त्यांनी चिवड्याचा बकाणा तसाच ठेवून विचारलं, "म्हणजे लोखंडाला युरिया टाकला काय बे?"

आता हा प्रश्न सगळे हसले म्हणून विसरून जायचा, पण मी नंतर वाचत बसलो तर काका फार लांब नव्हते असं निघालं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, ज्वारी त्यातच उभी असते, पण तिला त्यातला कणभर घेता येत नाही, म्हणून तर नत्राची पोती आणावी लागतात. तूर आणि भुईमूग तेवढे हुशार, त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र ओढून देतात. (म्हणजे आपली शेंगा चटणी ही एका अर्थाने हवेचीच. असो.) वितळलेलं लोखंडही ज्वारीच्याच जातीचं, आजूबाजूला एवढा नायट्रोजन असून ते आपल्या आपण अगदी थोडा आत घेतं. साध्या दाबाखाली टक्क्याचा एखादा दशांश भाग पोलादात बसवता येतो, तोही मिश्रणात क्रोमियम भरपूर असेल तर. त्याहून बराच जास्त हवा असेल तर भट्टीतच दाब वाढवून वितळवावं लागतं किंवा पोलादाची भुकटी करून तिला नायट्रोजन पाजावा लागतो. क्रोनिडर ३० नावाचं एक पोलाद आहे, त्यात सुमारे ०.४ टक्के नायट्रोजन दाबाखाली घातलेला असतो, ते मुळात विमानं आणि रॉकेटच्या बेअरिंगसाठी, आणि तेच पुढे समुद्रावर वापरायच्या चाकूंमध्ये आलं. व्हॅनॅक्स नावाचं भुकटीवालं पोलाद तर दीड टक्क्यावर जातं.

आमच्या सुरीत मात्र ०.११ टक्के. मी हिशेब करून बघितला, पातं शंभर ग्रॅमचं धरलं तर त्यात नायट्रोजन ०.११ ग्रॅम, तो वायू म्हणून मोकळा सोडला तर कटिंग चहाचा एक ग्लास भरेल, बस. एवढ्याशा वायूने काय होणार असं वाटतं की नाही?

पण गोम अशी आहे. स्टेनलेस गंजत नाही ते क्रोमियममुळे, हवा लागली की पात्यावर त्याची दिसतही नाही इतकी पातळ साय धरते आणि ओरखडा उठला तरी परत धरते. सुरी कडक व्हायला मात्र कार्बन लागतो. आणि कार्बन हा लग्नातल्या त्या पाहुण्यासारखा, येतो आणि पंगतीतलं चांगलं ते स्वतःच्या ताटात ओढतो, म्हणजे क्रोमियमला धरून त्याचे कडक दाणे करून बसतो. त्या दाण्यात अडकलेलं क्रोमियम साय धरायला उरत नाही. म्हणून धार टिकवायला कार्बन वाढवावा तर गंज वाढतो, गंज टाळायला कमी करावा तर धार मऊ. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने असलं न गंजणारं पोलाद केलं, त्याने त्याच्यावर व्हिनेगर आणि लिंबाचा रस ओतून बघितला म्हणे, आणि तिथले सुरीवाले सुरुवातीला त्याची टिंगलच करत होते, न कापणाऱ्या सुऱ्यांचा माणूस म्हणून. लिंबाचा रस वाचून मला त्या ब्रेअर्लीबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्याला आमच्या लोणच्याला बोलवायला हवं होतं.

नायट्रोजन इथे कामाला येतो. तोही कार्बनसारखाच लोखंडाच्या अणूंच्या जाळीत घुसून कडकपणा देतो, पण क्रोमियम तितकं ओढत नाही. त्यामुळे थोडा कार्बन काढून त्याच्या जागी थोडा नायट्रोजन घालता येतो. शिवाय मिठाने खड्डे पडतात त्याला तो स्वतः अडवतो. पोलादवाल्यांचं खड्ड्यांबद्दल एक सूत्र आहे, त्यात एक टक्का नायट्रोजन सोळा टक्के क्रोमियमच्या बरोबरीचा धरतात. म्हणजे आमचा तो चहाचा ग्लासभर वायू पावणेदोन टक्के क्रोमियमचं काम करतो. आमच्या सुरीचं हे पोलाद स्वीडनच्या सँडविक कंपनीचं, तो विभाग आता अ‍ॅलेमा नावाची वेगळी कंपनी झालाय, आणि ते दाढीच्या ब्लेडच्या पोलादावरून सुधारून काढलेलं, कार्बन ०.६८ वरून ०.६२ वर आणला, क्रोमियम १३ चं १४ केलं, वर हा नायट्रोजन. आकडे बघितले तर बदल किती किरकोळ. भाजीत चिमूटभर मीठ कमी-जास्त करावं तेवढा.

बरं, वापरून काय झालं ते सांगतो. सहा महिने झाले. ती सिंकमध्ये पडते, मी खोटं कशाला बोलू, आधीच्यापेक्षा जास्तच पडते कारण आता भीती नाही. कैरीच्या दिवसात मीठ लावलेल्या फोडींबरोबर एक अख्खी रात्र राहिली, मला सकाळी आठवलं, धावत गेलो. फडकं फिरवलं, चकचकीत. खिडकीजवळ नेऊन तिरकी धरून बघितली, एक ठिपका नाही, फक्त बोअरच्या पाण्याचे ते पांढरे वळ, त्याला कुठलं पोलाद काय करणार.

धारेचं मात्र वेगळं. पहिले दोन महिने कांदा असा कापला जायचा की डोळ्याला पाणी कमी, मग हळूहळू टोमॅटोवर ती घसरायला लागली. आमचीही चूक आहे, पाट असून स्टीलच्या ताटलीतच मिरच्या चिरतो, दर वेळी टक टक आवाज येतो तो धार वाकण्याचाच. आणि एकदा मी टोकाने नारळातलं खोबरं उचकटायला गेलो, टोक वाकलं. नायट्रोजनने गंज थांबतो, मूर्खपणा नाही थांबत, असं हिने तेव्हा सांगितलं. या पोलादातले ते कडक दाणे बारीक असल्यामुळे एक बरं की धार परत पटकन लागते, पण लावावी लागते, आणि घरात निसणा नाही.

आईची विळी बार्शीहून तिच्या माहेरून आलेली, साधं लोखंड, ती विळी लिंबाला लागली की काळी पडते, पण आईने ती आजवर एकदाही ओली ठेवलेली नाही. चिरून झालं की फडकं, मग तेलाचं बोट. तिला माझ्या सुरीचं कौतुक सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आळशी माणसाची सुरी." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात गल्लीत धारवाला आला, सायकल स्टँडवर लावून पायडल मारतो आणि चाकावर ठिणग्या उडतात तो. मी विळी आणि सुरी दोन्ही घेऊन गेलो. मनात धाकधूक होती, कारण कोरड्या चाकावर पातळ पातं तापलं तर धारेपाशी पोलादाचं पाणी उतरतं, मऊ पडतं, मग ०.११ टक्के काय नि कसलं काय. त्याने विळी घेतली, चार वेळा फिरवली, अंगठा आडवा लावून बघितला, बाजूला ठेवली. सुरी हातात घेऊन नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला, परत दिली.

"हिला चाकावर नका घालू साहेब. पातळ आहे, जळंल. घरी चिनी मातीचा कप असेल ना, त्याच्या बुडावर घासा, ती खरखरीत कड असते त्याच्यावर."

विळीचे वीस रुपये घेतले, सुरीचे काहीच नाही. घरी येऊन मांडणी शोधली तर आमचे सगळे कप स्टीलचे, चिनी मातीचा म्हणाल तर लग्नातला तो गुलाबी फुलांचा सेट, वीस वर्षं काचेच्या कपाटात. हिने माझ्या हातातली सुरी बघितली, मग कपाटाकडे बघितलं, आणि किल्ली कमरेला खोचली.