लोणंद ते तरडगाव

लोणंदच्या पालखीतळावर जेवणं उरकली होती. राहुटीच्या दाराशी बसून मी डाव्या पायात स्प्लिंट चढवत होते. आधी गुडघ्यापर्यंतचा मोजा. त्याला एकही सुरकुती राहता कामा नये, नाहीतर दोन किलोमीटरात फोड येतो. मग पोटरीमागून तळव्याखाली येणारी प्लास्टिकची पट्टी, तिचे वेल्क्रोचे पट्टे, आणि त्यावरून एक नंबर मोठा बूट. शेजारच्या आजी काष्टा खोचून, डोईवर तुळस घेऊन केव्हाच तयार होत्या. माझी धडपड पाहून म्हणाल्या, "सावकाश घाला, माऊली. घाई कशाची हाय?"

गेली तीन वर्षं मला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. डॉक्टरांनी, फिजिओथेरपिस्टनं, नवऱ्यानं. तळावर त्या आजींच्या तोंडून ऐकलं आणि डोळे भरून आले.

ऑगस्ट 2022 मध्ये आठवडाभर जुलाबानं हैराण होते. ते थांबले, आणि काही दिवसांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी मला जिना चढवेना, चौथ्या दिवशी हातातला कप सुटला. मोठ्या दवाखान्यात गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय हललाच नाही. पाठीतून पाणी काढून तपासलं. निदान झालं गुइलेन बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटते. पुढं जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात एकदम इतके रुग्ण सापडले, तेव्हा हे नाव घराघरात पोचलं. माझ्या वेळी नातेवाइकांना ते नीट उच्चारताही यायचं नाही.

पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या, बाटल्या लागल्या, बारा दिवस व्हेंटिलेटर. सगळं ऐकू यायचं, बोटसुद्धा हलायचं नाही. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही.

घरी आल्यावर डॉक्टरांनी समजावलं. माझ्या प्रकारात नसांचं नुसतं आवरण नाही, आतला तंतूच दुखावला होता. तो पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत अंतर मीटरभर. मी मनातल्या मनात हिशोब केला. हजार दिवस! त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

तेव्हा आत्या आली. माझ्या वडिलांची थोरली बहीण, तीसेक वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर चालणारी. मी तिला म्हटलं, "आत्या, तू पांडुरंगाला माझ्यासाठी नवस बोल." ती थोडा वेळ गप्प राहिली. माझे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. मग म्हणाली, "बाळा, आमच्या वारीत नवस नसतो गं. नेम असतो. मागायला जायचं नाही, ठरल्या दिवशी निघायचं. तू बी रोजचा नेम धर. बाकीचं त्याच्यावर सोड."

मला राग आला होता, खरं सांगते. मरणाच्या दारातून आलेल्या पोरीसाठी हिला एक नवस बोलवत नाही! पण राग ओसरला आणि शब्द मनात राहिला. नेम. मग मी मिलिमीटर मोजणं सोडून दिलं. सकाळी सहाला उठायचं, पलंगाच्या कडेला बसायचं, टाचा वीस वेळा उचलायच्या. सुरुवातीला उचलायच्याच नाहीत. नुसतं मनानं "उचल" म्हणायचं, तेही वीस वेळा. श्रद्धा म्हणजे काय हे मला त्या वीस आकड्यांत कळलं. बरं वाटायला लागलं म्हणून कळलं असं नाही. कळलं तेव्हा काहीच हलत नव्हतं.

2023 च्या वारीत व्हीलचेअरवर बसून रस्त्याच्या कडेनं पालखी पाहिली. 2024 मध्ये वॉकर धरून उभी होते. 2025 मध्ये डॉक्टर म्हणाले, एक टप्पा, तोही छोटा. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या वाटेतला हा टप्पा जेमतेम आठ किलोमीटरांचा, म्हणून लोणंद.

दिंडीत चालणं माझ्या कल्पनेपेक्षा सोपं गेलं. ओळीतून चालायचं असतं, पुढं पताका, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी, आणि मागं आम्ही बायका. 'ज्ञानोबा-तुकाराम'चा ठेका पायात शिरला की पाऊल आपोआप पडतं. माझं डावं पाऊल ठेक्याच्या किंचित मागं पडायचं. कुणी वळून पाहिलं नाही.

अवघड गेलं ते चांदोबाच्या लिंबापाशी. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या राहतात, मधून अश्व धावायची वाट मोकळी ठेवायची. या आजारानंतर चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जड जातं. अर्ध्या तासानं मांड्या थरथरायला लागल्या. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण डावीकडच्या बाईनं आपला खांदा माझ्या खांद्याला टेकवला, उजवीकडच्या आजींनी तुळस एका हातानं सावरून दुसरा हात माझ्या कंबरेमागं घातला. नाव-गाव काही विचारलं नाही. मी त्यांच्या आधारानं उभी राहिले.

मग चोपदारांनी इशारा केला. पुढं स्वाराचा अश्व, मागं माऊलींचा. त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, माऊलीच बसलेली असते. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात. टापांचा आवाज आधी पायाखालच्या मातीतून आला, डाव्या तळव्याला जाणवला. ज्या तळव्याला वर्षभर गरम-गार कळत नव्हतं, त्याला! डोळ्यांसमोरून दोन्ही अश्व गेले, रथापर्यंत जाऊन परत फिरले, आणि माणसं टापांखालची माती उचलायला वाकली. आत्याही वाकली. चिमूटभर माती तिनं माझ्या कपाळाला लावली. उरलेली माझ्या बुटावर, स्प्लिंटच्या पट्ट्यावर हळूच चोळली.

तरडगावला पोचायला संध्याकाळ झाली. समाजआरतीनंतर मुलगा गाडी घेऊन आला. आत्यानं त्याच्या हातात राजगिऱ्याचे दोन लाडू दिले आणि मला म्हणाली, "उद्या पहाटं आम्ही फलटणच्या वाटंला. तू तुझ्या नेमाला उठ."

दुसऱ्या दिवशी सहाला मी पलंगाच्या कडेला बसले. बुटावरची माती अजून पुसली नव्हती. टाचा उचलायला घेतल्या. एक, दोन, तीन...