‘वळा’चं इंग्रजी

मिरजेला नर्स होते तेव्हा सहज म्हणायचे, “आजोबा, जरा कुशीवर वळा.” मान त्या ‘वळा’तच असायचा, वरून काही लावावं लागत नसे. इंग्लंडात लीड्सला आले आणि पहिल्याच आठवड्यात एका ऐंशी पार केलेल्या पेशंटना म्हटलं, “टर्न ओव्हर, प्लीज.” ते मुकाट्याने वळले. नंतर सोबतच्या सिस्टरने बाजूला घेऊन सांगितलं, “तुझं प्लीज हुकमासारखं वाटतं गं.” मला फार लागलं ते. प्लीज म्हटलं की आदर झाला, असंच शाळेपासून डोक्यात होतं.

तू-तुम्ही इंग्रजीतही होतं, दाऊ आणि यू. सतराव्या शतकात बोलण्यातून ते बहुतेक ठिकाणी गेलं. इकडे यॉर्कशरात मात्र जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘दाऊ’चीच रूपं, ‘दी’, ‘दा’, येतात, आणि ऐकलं की मला घरचं ‘तू’ आठवतं. पण बाकी सगळे ‘यू’च. मग मान ठेवायचा कुठे? तो क्रियापदात गेलाय. कुड यू, वुड यू माइंड, आय वॉज वंडरिंग. आत्ताची गोष्ट भूतकाळात कशाला, हे मला कळेना. मग आठवलं, आपणही दारात उभं राहून “जरा काम होतं तुमच्याकडे” म्हणतोच की! काम आत्ताच असतं, तरी ‘होतं’.

नावाचं कोडं वेगळं. मिरजेत डॉक्टर म्हणजे ‘सर’. इथे कन्सल्टंटना पहिल्या नावाने हाक मारायची. अजूनही जीभ अडखळते. पेशंटच्या बाबतीत मात्र मी अंदाज बांधत नाही. इथल्याच डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः पेशंट होऊन खाटेवर पडल्या, तेव्हा किती जण आपलं नावही न सांगता येतात हे त्यांना जाणवलं, आणि २०१३ साली त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. मी आधी माझं नाव सांगते, मग विचारते, तुम्हाला काय म्हणू? एका निवृत्त शिक्षिकेने तीन आठवडे ‘मिसेस’ लावूनच हाक मारून घेतली. तो त्यांचा हक्क आहे.

समोरच्याला मायेने ‘लव्ह’ इथे सगळेच म्हणतात. मी पेशंटना म्हणत नाही, माझ्या तोंडी ते अजून उसनं वाटतं.

त्या आजोबांना पुढे एका रात्री म्हटलं, “शॅल वी गेट यू ऑन युअर साइड?” म्हणजे आपलं ‘वळू या का?’च.

“गो ऑन देन, लव्ह,” ते म्हणाले, आणि आधाराला हात पुढे केला.