आमची वाटचाल : कुर्ल्याचा गाळा आणि जीपचा फाळका

कुर्ल्यात गाडीच्या कामाला काय तोटा? सीएसटी रोडला स्पेअर पार्ट, भंगार, डेंटर, पेंटर सगळं हाताशी. तरी जीपचा हौदा, म्हणजे मागची सामानाची जागा, वाढवायचा म्हटलं की लोक आमचा गाळा विचारत येतात.

पहिलं गिऱ्हाईक दापोलीचे आंबेवाले काका. जुनी महिंद्रा जीप. बागेतून डांबरीपर्यंत पेट्या आणायला दोन रांगांची जागा कमी पडायची. मी हौसेने हौद्याला दीड फुटाचा कायमचा जोड दिला. आठ दिवसांत काका परत. जांभ्याच्या चढणीवर पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग ऐकेना. मागच्या ॲक्सलच्या बाहेर वजन गेलं की पुढचं उचलणारच, हे मी काकांच्या खर्चाने शिकलो. जोड कापला, पैसे घेतले नाहीत. मग हौद्याच्या मागच्या, आडव्या पाडलेल्या झडपेवर, म्हणजे फाळक्यावर, टेकणारा यू आकाराचा सांगाडा केला. पिना काढा, उलटा फिरवा, हौद्यात जातो. बोल्ट फाळक्याच्या मूळ भोकांतच. एक इंची पाईप, चौदा गेज. बेंडरवर, म्हणजे पाईप वाकवायच्या यंत्रावर, घेण्याआधी पाईपमध्ये कोरडी वाळू ठासायची, दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारायची. नाहीतर वळणावर पाईप चेपतो.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठीचं पाणी गाळ्यात शिरलं, वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर गेला. ते सावरलं. घात केला तो माणसाने.

एक कारागीर माझ्याकडेच तीन वर्षं पाईप वाकवायला शिकला आणि पुढच्या गल्लीत गाळा घेऊन बसला. सांगाडा माझाच, पाईप मात्र सोळा गेज, म्हणजे आमच्याहून पातळ, भाव निम्मा. कोपऱ्याला गसेट, म्हणजे आधाराची तिकोनी पट्टी नाही, नुसते वेल्डिंगचे ठिपके मारून वर पुट्टी आणि काळा रंग. दोन हंगाम आम्ही माश्या मारल्या, हिच्या पाटल्या गहाण पडल्या. त्याचे सांगाडे घाटात वाकायला लागले तेव्हा लोक काय म्हणाले? कुर्ल्याचं काम असंच! त्या दिवसांत काका दापोलीहून तीन शेजाऱ्यांच्या जीपा घेऊन आले. नुसती पिन बदलायलासुद्धा ते दुसरीकडे गेले नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं बजावलं. कायमचे जोड मारणारे बरेच गार झाले, आमचा पिना काढून सुटणारा सांगाडा टिकला.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. फाळक्याच्या साखळ्या आधी बघा, सगळा भार त्यांच्यावर येतो. जड पेट्या केबिनकडे, रिकाम्या मागे. पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घ्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पाट्याने मागचं वर येतं, पुढचं गेलेलं वजन परत येत नाही. आणि फाळका पाडल्यावर नंबर प्लेट झाकली, तर पहिल्याच नाक्यावर हवालदार गाडी बाजूला घेईल.

गेल्या महिन्यात पुढच्या गल्लीतल्या त्या कारागिराचा मुलगा माझ्याकडे आला. "काका, बाबांनी बेंडर मागितलाय, दोन दिवसांसाठी." दिला. वाळू मात्र तुमची तुम्ही आणा म्हटलं.