तुम्ही विचारलंत म्हणून : उन्हाळ्यात फोटो काढण्यासारखं असतं तरी काय?

कोल्हापुरात ज्याच्या हाती कॅमेरा येतो त्याला पावसाळ्याचे वेड लागते, आणि ते समजण्यासारखे आहे. मसाई पठारावरचे धुके, गगनबावड्याचा घाट, राऊतवाडीचा आणि बर्कीचा धबधबा हे सारे शहरापासून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे मे महिन्यात मी गच्चीवर नाहीतर परड्यात कॅमेरा घेऊन बसलेली दिसले की शेजारचे, शाळेतले सहकारी आणि नव्याने फोटो काढू लागलेली मुले मला हमखास विचारतात, "मॅडम, या रणरणत्या उन्हात फोटो काढण्यासारखं असतं तरी काय? आणि तेही सारखे घरच्याच माणसांचे?"

जाता जाता दोन शब्दांत देण्यासारखे हे उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याची सवय आपल्याला ठाऊक असते, त्याचा क्षण आपल्याला तो घडण्याआधी दिसू लागतो. मी शाळेत शिकवते. पेपर तपासून निकाल लागले की शाळा पुन्हा उघडेपर्यंत मला घरात राहता येते, नणंदा आणि भाचरे माहेरपणाला येतात, आणि वर्षभर नुसती ओझरती दिसणारी माणसे, झाडे व पाखरे सकाळपासून रात्रीपर्यंत नजरेसमोर असतात. त्यांच्या सवयी पाहण्याची ही संधी मला दुसऱ्या कोणत्याच ऋतूत मिळत नाही. धबधबा माझ्यासाठी थांबून राहतो. घरातल्या हालचाली मात्र घडून जातात आणि त्या टिपायला त्या वेळी तिथे असावे लागते.

प्रश्नातला उन्हाचा आक्षेप मात्र खरा आहे. कोल्हापूरच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. अशा उन्हात माणसाचा फोटो काढला तर कपाळ आणि नाक पांढरे पडते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि ओळखीचा चेहराही अनोळखी दिसतो. म्हणून उन्हाळ्यात माणसांचे फोटो मी सावलीत काढते. शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराला पुढे सोपा, म्हणजे ओसरी, आहे आणि समोरच्या घराची भिंत चुन्याने रंगवलेली आहे. सकाळी दहानंतर त्या भिंतीवर पडलेले ऊन परतून आमच्या सोप्यात येते, आणि तो परतलेला प्रकाश इतका मऊ व एकसारखा असतो की जमिनीवर बसून पन्हे पिणाऱ्या मुलांच्या पापण्यासुद्धा वेगवेगळ्या मोजता येतात. माणूस दारापासून एक पाऊल आत बसला तर डोळ्यांत दाराची उजळ चौकट उतरते. आणखी आत गेला तर डोळे विझतात. हे एक पाऊल मी फार महत्त्वाचे मानते.

या शहराला ही विद्या नवी नाही. १८९० साली इथेच जन्मलेल्या बाबूराव पेंटरांनी स्वदेशी कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करून मूकपट काढले. त्या काळी चित्रीकरणाची भिस्त मुख्यतः सूर्यावरच असे. ऊन पांढऱ्या कापडातून गाळून घ्यायचे आणि उजळ फळ्यांवरून चेहऱ्याकडे वळवायचे ही तेव्हाची रीत होती. त्या काळाची आठवण म्हणून शहरातल्या खरी कॉर्नरला उभारलेल्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मला हे दर वेळी आठवते. घरात मी हेच काम धुतलेल्या पांढऱ्या धोतराने करते. खिडकीत ते ताणून बांधले की तिरपे, बोचणारे ऊन खोलीभर पसरते आणि पाळण्यात झोपलेल्या बाळाचा फोटो फ्लॅश न वापरता निघतो.

आता गच्चीकडे येते, कारण माझ्या उन्हाळ्यातले सर्वांत जास्त फोटो तिथले असतात. आमच्याकडे वर्षाची चटणी एप्रिलमध्ये होते. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी अशा मिरच्या आणल्या जातात, त्यांचे देठ खुडले जातात आणि जुन्या नऊवारीवर त्या गच्चीभर पसरल्या जातात. मिरच्यांचा हा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. कॅमेऱ्याने सुचवलेला प्रकाश तसाच घेतला तर लाल रंग भडकून सगळ्या मिरच्यांचा एक सपाट पट्टा होतो. सुरकुत्या, चकाकी आणि देठाजवळची पिवळसर कड नाहीशी होते. त्यामुळे मी प्रकाश थोडा कमी ठेवते, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा लाल रंगाचा आलेख (हिस्टोग्राम) उजव्या कडेला टेकत नाही ना, म्हणजे लाल रंग भडकलेला नाही ना, हे स्वतंत्रपणे पाहते. भर उन्हाचा जुना ठोकताळाही अजून उपयोगी पडतो : आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ १६ आणि शटर सेकंदाचा १/१०० किंवा १/१२५ भाग उघडे, आणि तिथून गरजेप्रमाणे वरखाली.

पण हे झाले तंत्र. फोटो असतो तो सासूबाईंच्या हाताचा. त्या सकाळी आठला वर येतात, पदर डोक्यावरून ओढून घेतात, उकिडव्या बसतात आणि दोन्ही तळव्यांनी मिरच्या खालीवर करतात. मध्येच एक मिरची उचलून कानाजवळ नेतात आणि हलवतात. मिरची पुरती वाळली असेल तर आत बी खुळखुळते. तो आवाज ऐकताना त्यांचे डोळे अर्धवट मिटतात, मान किंचित डावीकडे कलते आणि खालच्या मिरच्यांवरून उसळलेली तांबूस झाक त्यांच्या हनुवटीवर व गळ्यावर येते. हे सारे एका श्वासाइतक्या वेळात होते आणि मिरची पुन्हा ढिगात पडते. त्या मिरची कधी उचलणार हे मला कळते, कारण त्याआधी त्यांचे हात सावकाश होतात. मी तोवर जिन्याच्या दारात, सावलीत, कॅमेरा डोळ्याला लावून बसलेली असते. "फोटो काय काढत बसलीयास, मिरच्या हलीव की जरा," असे त्या म्हणतात आणि मग मी उठून मिरच्या हलवते. ज्यांच्यासोबत आपण काम करत नाही त्यांच्या कामाचा फोटो परक्यासारखा येतो, हे माझे ठाम मत आहे. नंतर मिरच्या डंकावर कुटून येतात. तिथे लाल धूळ उडते आणि लेन्सची काळजी घ्यावी लागते, म्हणून तिथे मी मोबाइलच वापरते.

पाखरांच्या बाबतीतही हेच खरे ठरते. परड्यातल्या मधुमालतीच्या वेलीवर शिंजिराची जोडी घरटे बांधते. मादी वाळकी पाने, सालीचे तंतू आणि चिंध्या कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी एकत्र ओवते, आणि लोंबत्या थैलीसारख्या त्या घरट्याच्या तोंडावर छोटीशी पडवी काढते. अंडी तीच उबवते. पिल्ले आल्यावर मात्र नरही चारा आणू लागतो. खिडकीच्या पडद्याआडून पाहत राहिल्यावर ध्यानात येते की घरट्यात शिरण्याआधी मादी दर वेळी एकाच वाळक्या काडीवर टेकते, इकडेतिकडे पाहते आणि मगच झेपावते. त्या काडीवर आधीच फोकस लावून ठेवला की पाखराच्या मागे लेन्स फिरवावी लागत नाही. घरट्याजवळ जाणे, पाने बाजूला सारणे, फ्लॅश मारणे हे मी करत नाही आणि भाचरांनाही करू देत नाही. पाने सारली की ऊन थेट पिल्लांवर येते आणि कावळ्याला वाट दिसते. एका फोटोसाठी कोणाच्या लेकरांना धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

संध्याकाळी मुलांना घेऊन आम्ही पंचगंगेच्या घाटावर जातो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन ही नदी होते, आणि पाचवी सरस्वती गुप्त आहे असे आपण मानतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असते, त्यामुळे पावसाळ्यात बुडणारी दगडी देवळे आणि पायऱ्या मोकळ्या असतात. पाठीला डबा बांधून पोहायला शिकणारी पोरे पायरीवर रांगेने थरथरत उभी राहतात. सूर्य नदीपलीकडे उतरू लागला की पोराने मारलेल्या उडीचे पाणी मागून उजळते. १/१००० च्या शटरवर त्यातला थेंब थेंब सुटा दिसतो. इथेही उडीपेक्षा उडीच्या आधीचा क्षण मला अधिक प्रिय आहे, जेव्हा पायाची बोटे दगडाला घट्ट धरतात आणि पोरगा मागे वळून आपला काका पाहतो आहे ना, याची खात्री करून घेतो. पाण्यावर जलपर्णी किंवा कचरा दिसला तर मी तो चौकटीबाहेर ढकलत नाही. ही मुले या नदीत पोहतात, तेव्हा ती नदी जशी आहे तशीच फोटोत यायला हवी. रंकाळा तलावावर मात्र आम्ही मुलांना भेळ खायला घालण्यापुरतेच थांबतो. पाणी उतरल्यामुळे उघडा पडलेला तलावातला दगडी संध्यामठ पाहायचा असेल तर तेवढी वाट वाकडी करावी.

वळवाबद्दल लिहिले नाही तर कोल्हापूरचा उन्हाळा पुरा होणार नाही. दुपारभर उकडते, चारच्या सुमारास काळे ढग चढतात, वारा सुटतो आणि कोणीतरी खालून ओरडते, "वाळवण!" त्यासरशी घरातली लहानथोर माणसे जिन्याकडे धावतात. कुरडया, सांडगे, शाबूच्या पापड्या, मिरच्या जे काही पसरलेले असेल त्याची चारी टोके धरून चौघे जण ते उचलतात. हा प्रसंग फोटोसाठी विलक्षण आहे, पण त्या वेळी मी कॅमेरा घेत नाही. वर्षभराचे जिन्नस आधी आत जायला हवेत. कॅमेरा मी नंतर घेते. सर ओसरल्यावर पश्चिमेला ढगाखालून सूर्य पुन्हा डोकावतो, पूर्वेचे आकाश अजून काळेभोर असते आणि त्या काळ्या पडद्यासमोर बहाव्याचे पिवळे घोस, गुलमोहराची लाल छत्री, गारा वेचणारी मुले सारे काही तिरप्या सोनेरी प्रकाशात उजळून निघते. हा उजेड दहा-पंधरा मिनिटेच टिकतो. पावसाळ्यात असा उजेड मला क्वचितच मिळाला आहे, कारण तेव्हा ढग आकाश सहसा सोडतच नाहीत.

कॅमेरा कोणता घ्यावा, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स आहे; पाखरांसाठी एक जुनी लांब पल्ल्याची लेन्स वापरते. घरच्या माणसांसाठी हातातला मोबाइल पुरेसा आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते प्रिंटवर करावेत. सासूबाईंना पडद्यावरचा फोटो आवडत नाही. त्यांना तो हातात धरायचा असतो, नातेवाइकांना दाखवायचा असतो आणि जवळच्यांना देऊनही टाकायचा असतो. त्यामुळे शाळा उघडण्याआधी मी निवडक फोटोंच्या प्रिंट काढून आणते, मागे मऊ पेन्सिलीने तारीख, जागा आणि माणसांची नावे लिहिते, आणि नणंदा सासरी निघतात तेव्हा चटणीच्या बरणीबरोबर त्यांच्या वाटणीचे पाकीट पिशवीत घालते.